ग्राहक फोन उचलत नाही

“नऊ,” मॅडम म्हणाल्या आणि पडद्यावरच्या आकड्यावर बोट ठेवून थांबल्या. “तीनशे बारा जणांना यादी गेली, बाई. उघडली किती जणांनी, तर नऊ.”

लायब्ररीबाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. नऊच होते.

“वाईट नाही की,” त्या म्हणाल्या. “लायब्ररीत सोमवारी चार यायचे. त्यातला एक पंख्याखाली बसायला.”

मॅडमना हसू आलं, पण वरच्या मजल्यावरून त्यांना जाब विचारला जाणार होता, म्हणून त्यांनी ते आवरलं. वयाने त्या बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या. शिवणयंत्रांच्या या जुन्या कंपनीत त्यांना आणलं होतं ते नवा विभाग उभा करायला. दारावर पाटी होती, ‘कस्टमर एक्स्पीरियन्स आणि इनोव्हेशन’. शिपाई मात्र त्याला ‘एक्स्पायरी खातं’ म्हणायचा. ज्यांची मुदत संपत आली त्यांना तिथे बसवतात, अशी त्याची समजूत होती. बाईंकडे पाहून ती कुणाला खोटी वाटली नसती.

सत्तावीस वर्षं बाईंनी कंपनीची लायब्ररी सांभाळली. दीड वर्षापूर्वी ती बंद झाली. पुस्तकं एका शाळेला गेली, खोलीत लांब टेबल आलं आणि निवृत्तीला अडीच वर्षं उरलेल्या बाईंना या विभागात एक खुर्ची मिळाली. काम एकच. इंटरनेटवर गिऱ्हाइकांबद्दल आणि धंद्यातल्या नव्या कल्पनांबद्दल जे रोज ढिगाने लिहिलं जातं, त्यातले पाच लेख निवडायचे आणि दर सोमवारी सगळ्या कंपनीला पाठवायचे. यादीचं नाव ‘वाचनीय पाच’.

कुणी दुसरं असतं तर वरवरचे पाच दुवे चिकटवून मोकळं झालं असतं. बाईंना ते जमेना. त्या पाचासाठी चाळीस वाचत. पहिले काही आठवडे त्यांना नुसतं हसू यायचं. सात मार्ग, दहा सवयी, पाच चुका! आकडा घातल्याशिवाय या लोकांना लिहिताच येत नाही की काय? पण मधूनच एखादा खरा माणूस भेटे, चार गोष्टी स्वतः पाहून लिहिणारा. मग बाई त्या लेखाखाली आपल्या भाषेत चार ओळी लिहीत. लेखात काय आहे, कुणी वाचावा, कुठे कंटाळा येईल. ‘मधली दोन पानं सोडली तरी काही बिघडत नाही,’ असंही बिनदिक्कत लिहीत. आणि काही चूक असेल तर तीही नोंदवत. चुकीची नोंद त्यांना खपत नसे. लायब्ररीत असताना एका लेखकाचं आद्याक्षर चुकलं म्हणून त्यांनी अकरा कार्डं नव्याने लिहिली होती आणि ती अकरा पुस्तकं कुणीही नेत नव्हतं.

“काय म्हणतात आज तुमचे गिऱ्हाईकवाले?” घरी गेल्यावर नवरा विचारी. तो टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला, संध्याकाळची भाजी चिरणं त्याच्याकडे.

“म्हणतात, ऐकून घ्या.”

“एवढंच? आम्ही तीस वर्षं दुसऱ्यांचं ऐकत बसलो, आमच्यावर नाही कुणी लेख लिहिला.”

नऊ वाचकांपैकी आठ कोण, ते बाईंना कळायला मार्ग नव्हता. नववा पक्का माहीत होता. सुट्या भागांच्या गोदामातले बोल्टकाका. दर मंगळवारी त्यांचं एका ओळीचं उत्तर येई. ‘बाई, तीन नंबर वाचला. लिहिणाऱ्याने जन्मात मशीन उघडलेलं नाही.’ किंवा, ‘पाच नंबर बरा आहे. दोनदा वाचला.’ सत्तावीस वर्षांत हा माणूस लायब्ररीची पायरी चढला नव्हता. एकदा फाटकाशी भेट झाली तेव्हा बाईंनी कारण विचारलं, तर म्हणाले, “तुमच्याकडे हात स्वच्छ लागतात.”

त्या सोमवारचा चौथा लेख बाईंना मनापासून आवडला होता. लिहिणाऱ्याचं म्हणणं असं की तक्रार करणाऱ्या गिऱ्हाइकाला नुसते प्रश्न विचारू नका. त्याच्या घरी जा, कोपऱ्यात बसा आणि तो तुमची वस्तू कशी वापरतो ते गप्प राहून बघा. बाईंनी खाली लिहिलं, ‘सगळ्यांनी वाचावा.’

मंगळवारी उत्तर आलं. ‘बाई, चार नंबर वाचला. बोलणं सोपं आहे. माझ्याकडे एक मशीन तिसऱ्यांदा परत आलंय. आत काही बिघाड नाही. तुमच्या लेखकाला विचारा आता मी काय करू.’

बाईंनी छत्री उचलली आणि आवार ओलांडून थेट गोदाम गाठलं.

बोल्टकाकांनी त्यांच्यासाठी खोका पुसून पुढे केला. टेबलावर ‘निवांत’ होतं, कंपनीचं नवं, लाडकं मशीन. ‘घर झोपलं असलं तरी शिवत राहा,’ अशी त्याची जाहिरात होती. खाली रबराचे जाड पाय, आत मऊ मोटर, मांजर चालावं तसं चालायचं.

“तक्रार काय?” बाईंनी विचारलं.

काकांनी कार्ड दिलं. पडदे शिवणारी बाई, घरीच काम करते. तक्रार तिन्ही वेळा तीच. ‘खालचा दोरा न सांगता संपतो.’

“आणि सांगतो का तो?”

“सांगतो म्हणजे? बोंबलून सांगतो!” काकांनी मशीन चालू केलं. खालच्या बॉबिनवरचा दोरा संपत आला तसं ते टिंग टिंग करू लागलं. “तीनदा तपासलं. तिन्ही वेळा वाजतंय. आता मी काय त्याच्या तोंडात शब्द घालू?”

बाईंनी कार्ड उलटलं. मागे सेवा विभागाचा शेरा होता. ‘ग्राहक फोन उचलत नाही. तक्रार बंद.’ खाली तारीख. त्याखाली पुन्हा तोच शेरा, दुसरी तारीख. त्याखाली तिसरी.

“उद्या गाडी जातेय परत द्यायला,” काका म्हणाले. “पुढच्या सीटवर जागा आहे.”

“मी काय करणार तिथे जाऊन? मला साधं बटण धड लावता येत नाही.”

“लेखात कुठे लिहिलंय शिवता यायला पाहिजे म्हणून? बघत बसा म्हटलंय.”

दुसऱ्या दिवशी मशीन मांडीवर घेतल्यासारखं सांभाळत बाई गाडीतून गेल्या. निघण्याआधी मॅडमना विचारलं तेव्हा त्या क्षणभर गोंधळल्या. आपल्या विभागातलं कुणी गिऱ्हाइकाकडे जाईल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. मग म्हणाल्या, “जा ना. जाच तुम्ही.”

तिसऱ्या मजल्यावर बाईंनी घंटेचं बटण दाबलं. आवाज आला नाही. पुन्हा दाबलं. घंटा बिघडलेली दिसते म्हणून त्या दार वाजवणार, तोच ते उघडलं. गळ्यात टेप, केसांत खोचलेली पेन्सिल, चाळिशीची बाई. ड्रायव्हरने मशीन खिडकीपाशी ठेवलं आणि दोन तासांनी येतो म्हणून तो खाली गेला.

खोलीत जिकडे तिकडे पडद्यांचं कापड होतं, पण घड्या अशा की ग्रंथपालालाही हेवा वाटावा. रंगाप्रमाणे, लांबीप्रमाणे, प्रत्येक घडीला चिठ्ठी टाचलेली. बाई त्या घड्या न्याहाळत आपण कोण, कशाला आलो ते सांगत राहिल्या.

“इकडे तोंड करून बोला,” पडदेवाली मधेच म्हणाली. “मला ऐकू येत नाही.”

दुकान किती वाजता उघडतं ते सांगावं, तशा सुरात तिने ते सांगितलं. बाई ओशाळल्या. पाठ फिरवून दोन मिनिटं त्या भिंतीशी बोलत होत्या.

“कधीपासून?”

“चोवीस वर्षांची होते. ताप आला, पंधरा दिवस राहिला, जाताना कान घेऊन गेला.” ती मशीनपाशी बसली. “हळू बोलाल तर ओठ कळतात. नाही कळलं तर लिहा.” तिने खडूचा तुकडा पुढे केला. टेबलावर काळं, जाड कापड अंथरलेलं होतं, त्यावर जुनी मापं पुसट दिसत होती.

पण बाईंना बघत बसायचं होतं. त्या स्टुलावर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प राहिल्या. सहा मीटर लांब पडद्याची कड सुईखाली सरकू लागली. पडदेवालीचे हात कापडावर इतके हलके की ती कापड ओढतेय की कापड तिला, कळत नव्हतं. चार मीटर झाले असतील. मशीन टिंग टिंग करू लागलं.

हात थांबले नाहीत.

बाई अर्धवट उठल्या. टिंग टिंग चालूच होतं. पडदेवाली एका लयीत शिवत होती, ओठांत दोन टाचण्या. बाईंनी तिच्या खांद्याला हात लावेपर्यंत मीटरभर कापड पुढे गेलं होतं. तिने ते उलटून पाहिलं, दोन बोटांनी दोऱ्याचं टोक धरलं आणि ओढलं. शिवण सर्रकन उसवत आली.

“झालं,” ती म्हणाली. “हे बघा.” तिने ती कड खिडकीच्या उजेडात धरली. जाड कापडात सुईच्या भोकांची सरळ रांग चमकत होती. “दोरा काढता येतो. भोकं बुजत नाहीत. पुन्हा त्याच्यावरून शिवलं तर दिसतं. एका गिऱ्हाइकाला दिसलं. ते गेलं. मग दुसरं गेलं.”

बाईंनी खडू घेतला. कापडावर लिहिलं, ‘जुन्या मशीनवर काय करत होतात?’

“जुनं सांगायचं मला. टेबलातून.” तिने कोपरापासून हात टेबलावर टेकवला. “खालचा दोरा संपत आला की बॉबिन हलकी होते, खडखडते. इथे कळायचं. हे तुमचं नवं फार सभ्य आहे. काही बोलतच नाही.”

बाईंनी लिहिलं, ‘तक्रारीत लिहिलं का नाही? ऐकू येत नाही म्हणून?’

ते वाचून पडदेवालीने टाचण्या तोंडातून काढून उशीला टोचल्या. मग म्हणाली, “लिहिलं असतं तर तुमचे लोक काय म्हणाले असते? दोष मशीनमध्ये नाही, तुमच्यात आहे. मी बावीस वर्षं पडदे शिवतेय. माझ्यात दोष नाही.”

बाईंनी खडूने खाली लिहून फोनचं विचारलं.

“तुमच्या फॉर्ममध्ये नंबर टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. टाकला. आला फोन की थरथरतो, दिसतं मला. उचलून काय करू?”

तेवढ्यात खिडकीवरचा छोटा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. पडदेवाली उठून दाराकडे गेली. ड्रायव्हर आला होता. बाई दिव्याकडे बघतच राहिल्या. ती परत आली तेव्हा त्यांनी बोट वर करून विचारलं, “हा कुणी बसवला?”

“मीच. घंटेची तार काढून दिव्याला जोडली. त्यात काय आहे?”

परतताना बाईंनी मशीन पुन्हा गाडीत घेतलं. आवारात उतरल्या त्या आपल्या टेबलाकडे न जाता गोदामात गेल्या.

बोल्टकाकांना आठ दिवस लागले. जुन्या मशीनमधला हरभऱ्याएवढा दिवा काढून त्यांनी तो टिंग टिंग करणाऱ्या तारेला जोडला आणि सुईच्या अगदी बाजूला बसवला, नजर असते तिथेच. रबराचे पाय काढून लोखंडी लावले. “मशीन काय करतंय ते टेबलाला कळू दे,” म्हणाले. घरी पोचवायला ते स्वतः आले. त्यासाठी त्यांनी हात घासून घासून धुतले होते, तरी नखांत काळं राहिलंच होतं.

पडदेवाली शिवायला बसली. दिवा लागला. ती थांबली.

“पुन्हा,” ती म्हणाली.

काकांनी बॉबिनवरचा दोरा काढून घेतला, थोडाच ठेवला. दिवा पुन्हा लागला. ती पुन्हा थांबली. तिसऱ्यांदाही तिने तेच करायला लावलं. मग तिने टेबलावर हात टेकवला, डोळे मिटले आणि नुसतं पायडल दाबून मशीन चालवत राहिली. काका आणि बाई एकमेकांकडे बघत नव्हते.

बाईंनी घडलं तसं एका पानात लिहून मॅडमना दिलं. मॅडमनी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि तडक वरच्या मजल्यावर गेल्या. पुढची चाकं भराभर फिरली. चार महिन्यांत ‘निवांत’ला दिवा आला. जाहिरात बदलली. मधल्या काळात बोल्टकाका निवृत्त झाले. निरोपाला सतरा माणसं होती. त्यांचं कंपनीचं ईमेल बंद झालं आणि मंगळवार सुने गेले.

मग एका शुक्रवारी मॅडम बाईंच्या टेबलाशी आल्या. चेहरा फुललेला. धंद्यावरचं वाचन ज्या मोठ्या संकेतस्थळावर लोक शोधतात, तिथे लेख आला होता. ‘शांततेने शिकवलेले सहा धडे.’ तिथल्या एका लेखकाने मॅडमच्या नावाने लिहिलेला. मॅडमचा फोटो, मागे मशीन.

“सोमवारच्या यादीत पहिल्या नंबरावर घ्या हं, बाई.”

बाईंनी लेख वाचला. चांगला लिहिला होता. सोपी भाषा, कुठे अडत नव्हता. मधे एक वाक्य होतं. ‘एका गरजू, कर्णबधिर गृहिणीची अडचण समजून घेताना आमच्या चमूला ही कल्पना सुचली.’ बाईंनी ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

संध्याकाळी त्यांनी बोल्टकाकांना फोन लावून सगळा लेख वाचून दाखवला. काका मधेमधे हूं म्हणत होते.

“दिवा कुणी लावला म्हणतात?”

“आमच्या चमूने.”

“मग झालं की. मी चमूतच होतो.” ते हसले. “बाई, मला आता नाव घेऊन काय करायचंय? नातवंडं बोल्टआजोबा म्हणतात, तेवढं पुरे.”

“आणि ती? तिला गरजू गृहिणी म्हटलंय.”

मग काका म्हणाले, “ते मात्र चुकलं.”

“फोन ठेवलास तरी तोंड तसंच,” नवरा ताट मांडताना म्हणाला. “काय झालं?”

“चुकीची नोंद झालीये.”

“मग दुरुस्त कर. तुला कुणी अडवलंय आजवर?”

सोमवारी यादी गेली. पहिल्या लेखाखाली बाईंनी लिहिलं होतं: ‘लेख वाचनीय आहे, सगळ्यांनी वाचावा. वाचताना पुढील दुरुस्त्या लक्षात घ्याव्यात. ज्या बाईंचा उल्लेख आहे त्या गरजू नाहीत. त्या बावीस वर्षं पडद्यांचा व्यवसाय करतात. आवाजाऐवजी दिव्याची कल्पना त्यांची आहे, त्यांच्या घरात ती आधीपासून होती. मशीनमध्ये दिवा बसवला तो सुट्या भागांच्या गोदामातल्या बोल्टकाकांनी. त्या बाईंची तक्रार आपण तीन वेळा बंद केली होती. हा सातवा धडा लेखात राहून गेला आहे.’

दुपारपर्यंत यादी दोनशे सहा जणांनी उघडली होती. शिपायाने येऊन हळूच सांगितलं, “बाई, खाली सेवा विभागात जोरात वाचन चाललंय.”

चार वाजता मॅडमनी बोलावलं. दार लावून घेतलं. रागावल्या नव्हत्या, दमल्या होत्या.

“मला आधी विचारायचं होतंत, बाई.”

“विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?”

मॅडमनी खरोखरच विचार केला. “नाही,” म्हणाल्या. “वरून फोन आला होता. यादी आता आपोआप जाणार. संगणकच निवडेल. चार ओळी नसतील.”

“बरं.”

“लेखकाला मी कळवलं. ‘गृहिणी’ काढलं त्याने.”

“आणि ‘गरजू’?”

“ते राहिलं.” मॅडमनी मान खाली घातली. मग खणातून रबर लावलेला कार्डांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. “वरचे म्हणाले, बाईंना रेकॉर्डला बसवा. मी हे रेकॉर्ड दिलंय म्हणून सांगेन. एक्केचाळीस आहेत. सगळ्यांवर एकच शेरा.”

बाईंना उलटून बघायची गरज पडली नाही.

निवडायचं काम गेलं त्याचं त्यांना वाईट वाटलं. रविवारी सवयीने त्या लेख वाचत बसल्या आणि चार ओळी लिहायला कुठे जागा नाही हे लक्षात आल्यावर उठल्या. नवऱ्याने त्यांच्यापुढे भाजी आणि सुरी सरकवली.

सोमवारी छत्री घेऊन त्या निघाल्या. पहिल्या कार्डावरच्या नंबरात एक आकडा चुकला होता. दुसरं घर बंद, माणसं दुसऱ्या गावी गेलेली. तिसरा पत्ता गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर. तक्रार बाईमाणसाच्या नावाने होती, पायडल करकरतं म्हणून. दार एका सत्तरीच्या गृहस्थांनी उघडलं. शर्टाची इस्त्री कडक, वरून दुसरं बटण मात्र नव्हतं.

“शिवणयंत्राच्या कंपनीतून आलेय. तक्रार होती. फोन केले होते आम्ही, पण…”

“हो, येतात,” ते म्हणाले. “या. बसा.”

मशीन भिंतीशी होतं. सुईखाली उशीचा अभ्रा तसाच होता, तीन बाजू शिवलेल्या. त्यावर धूळ नव्हती. रोज कुणीतरी फडकं फिरवत असणार, पण अभ्रा न हलवता.

बाईंना काय ते कळलं. तरी कामाचं विचारायला हवं होतं. “बाई आहेत का घरी?”

“अगदी असंच विचारलं होतं तुमच्या माणसाने, पहिल्या फोनवर. बाई आहेत का? तेव्हा पाच दिवस झाले होते तिला जाऊन. माझ्या तोंडून निघून गेलं, जरा बाहेर गेलीय म्हणून. बरं म्हणाला, पुन्हा करतो.” ते खुर्चीच्या कडेवर बसले. “करतात. महिन्याला एखादा येतो. मी उचलत नाही.”

“करकर काढून देता येईल. माणूस पाठवते मी.”

“नको, राहू दे.”

“कार्डावर बंद लिहिलंय, तरी नंबर यादीत राहिलेला दिसतो. मग तक्रार कायमची बंद करून टाकते. तुम्हाला त्रास नको फोनचा.”

ते पटकन उठले. म्हाताऱ्या माणसाने एवढ्या पटकन उठू नये. “त्रास नाही हो. बंद करू नका. बाकीचे सगळे आता मला विचारतात, कसा आहेस, जेवलास का. तिला विचारणारा तेवढा एकच फोन येतो.”

बाईंनी पर्स उघडून पेन काढलं. कार्ड गुडघ्यावर ठेवलं. ‘ग्राहक फोन उचलत नाही. तक्रार बंद.’ या ओळीवर त्यांनी पट्टीने आखावी तशी सरळ रेघ मारली. खाली आजची तारीख घातली. थोडा वेळ पेन तसंच धरून त्या बसल्या. मग आपल्या वळणदार, ग्रंथपालाच्या अक्षरात त्यांनी लिहिलं:

‘प्रत्यक्ष भेट दिली. बाई बाहेर गेल्या आहेत. पुन्हा फोन करावा.’

खाली सही केली आणि शाई वाळेपर्यंत कार्ड हातात धरून ठेवलं.